‘मोबी-डिक’ वाचन प्रकल्प: पांढरा रंग, दोर आणि नायक

३ जून

प्रकल्प आजपासून सुरू. हर्मन मेलव्हिलची ‘मोबी-डिक’ पहिल्या पानापासून सावकाश वाचायची, सोबत टिपणं ठेवायची आणि शेवटी एक दीर्घ लेख लिहायचा. प्रश्न दोन: या कादंबरीतल्या प्रतीकांकडे मी कशी बघते, आणि हिच्यात नायक नेमका कोण. समीक्षाग्रंथ मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. आधी माझं वाचन कागदावर येऊ दे, मग इतरांचं.

संहिता अमेरिकन आवृत्तीची: १३५ प्रकरणं, सुरुवातीला देवमाशाविषयीच्या उताऱ्यांचा मोठा संग्रह आणि शेवटी एक लहानसा उपसंहार. टिपणांच्या तक्त्यात तीन रकाने आहेत. वस्तू कोणती, ती कुणाच्या हातात किंवा नजरेसमोर आहे, आणि त्या माणसाला तिच्यात काय दिसतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘पांढरा देवमासा म्हणजे काय’ असं विचारलं की उत्तरं पटापट येतात: दैव, निसर्ग, ईश्वर, पाप, मृत्यू. प्रत्येक उत्तर थोडं थोडं पटतं आणि पुस्तक होतं तिथेच राहतं. म्हणून मी प्रश्न बदलला आहे. हा मासा कोण, कसा वाचतो?

५ जून

प्रकाशनाचा तपशील नोंदवून ठेवते, लेखात लागेल. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला रिचर्ड बेंटलीने ती ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत काढली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला हार्पर अँड ब्रदर्सने आजच्या नावाने काढली. लंडनच्या आवृत्तीत उपसंहार नव्हता. देवमाशांच्या शिकारीला निघालेलं ‘पीक्वॉड’ जहाज सगळं बुडालं तर गोष्ट सांगायला निवेदक इश्मेल उरला कसा, असा प्रश्न तिथल्या समीक्षकांनी विचारला आणि त्यांच्यासमोर जे पुस्तक होतं ते पाहता तो रास्तच होता. गहाळ झालेलं ते पान मला पूर्वी केवळ खुलासा वाटायचं. या वाचनात त्याच्याकडे जास्त लक्ष देणार आहे, कारण ते पान नसेल तर कादंबरी एकट्या कप्तान एहॅबची होते.

९ जून

पहिली २२ प्रकरणं झाली. जहाजाने आत्ता कुठे किनारा सोडला आहे आणि तक्त्यात पहिली मोठी नोंद पडली.

१३ वं प्रकरण. इश्मेल आणि त्याचा नवा मित्र, हारपून (देवमाशावर फेकायचा भाला) चालवणारा क्वीक्वेग, एका छोट्या जहाजातून नॅनटकेट या शिकारी जहाजांच्या बेटावर निघाले आहेत. अंगभर गोंदण असलेल्या क्वीक्वेगची एक पोरगेला उतारू टिंगल करतो, थोड्याच वेळात शिडाचा आडवा बांबू सुटतो आणि त्याच्या तडाख्याने तोच पोरगा पाण्यात फेकला जातो. डेकवर धावपळ, पण कुणाला काही सुचत नाही. क्वीक्वेग गुडघ्यांवर बसून बांबूच्या खालून सरपटत जातो, एक दोर पकडतो, त्याचं एक टोक कठड्याला बांधतो, दुसरं फेकून बांबूला अडकवतो. जहाज सावरतं. मग अंगावरचे कपडे काढून तो पाण्यात उडी घेतो आणि पोराला वर आणतो. त्यानंतर काय मागतो? अंगावरचं खारं पाणी धुवायला थोडं गोडं पाणी. कोरडे कपडे घालतो, चिलीम पेटवतो आणि कठड्याला टेकून उभा राहतो.

क्रम बघण्यासारखा आहे. आधी दोर, मग उडी. आधी सगळ्यांचं जहाज, मग एकट्याचा जीव. बक्षीस काहीच नाही. आणि हे सगळं एहॅब पडद्यावर यायच्या कितीतरी आधी. नायक कोण याचं एक उत्तर मेलव्हिलने इथेच मांडून ठेवलं आहे, असं माझं मत बनत चाललं आहे.

तक्त्यात ‘दोर’ हा शब्द आज पहिल्यांदा आला.

१४ जून

आज फक्त ४१, ४२ आणि ४५ ही तीन प्रकरणं, आणि त्यांच्यासोबत मागचं ३६ वं.

३६ व्या प्रकरणात एहॅब सगळ्या खलाशांना गोळा करतो आणि सांगतो की ही सफर तेलासाठी नाही, त्याचा पाय तोडणाऱ्या एका पांढऱ्या देवमाशासाठी आहे. पहिला अधिकारी स्टारबक विरोध करतो. मुक्या जनावराने अंधपणे केलेल्या घावाचा सूड घ्यायचा हे त्याला पाप वाटतं. त्यावर एहॅब जे बोलतो ते सगळ्या कादंबरीचं मर्म समजलं जातं. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचे मुखवटे, त्यांच्या आड कुठली तरी जाणती शक्ती उभी आहे, आणि घाव घालायचा तर मुखवटा फोडून पलीकडे घालायचा. कैद्याला भिंत फोडल्याशिवाय बाहेर कसं पडता येईल? देवमासा ही त्याच्यासाठी ती भिंत. लगेच तो हेही म्हणतो की कधीकधी वाटतं, पलीकडे काहीच नाही. पण तरी तेवढं पुरे आहे.

हे शेवटचं वाक्य मी आज पुनःपुन्हा वाचलं. एहॅब भ्रमात नाही. पलीकडे काही नसेल ही शक्यता त्याच्या मनात येऊन गेली आहे आणि ती त्याने बाजूला सारली आहे. एका वस्तूला एकच अर्थ, आणि तो अर्थ ठार मारायचा, हा त्याचा निर्णय आहे.

इश्मेल याच्या बरोबर उलट वाट धरतो. ४२ वं प्रकरण पांढऱ्या रंगावर आहे. नववधूची निरागसता, वृद्धांचं सौम्यपण, राजवैभव, धर्मगुरूंचे झगे. आणि लगेच ध्रुवावरचं अस्वल, पांढरा शार्क, अल्बट्रॉस पक्षी, लिमा शहरावर पसरलेला पांढरा बुरखा. जे मंगल तेच भयंकर का वाटतं, हे शोधत तो शेवटी येऊन पोहोचतो ते पांढरा हा रंगांचा अभाव आहे की सगळ्या रंगांची बेरीज, या प्रश्नापाशी. उत्तर देत नाही. ‘किंवा’, ‘कदाचित’ यांच्या आधाराने चाललेलं हे प्रकरण आहे, आणि तोच त्याचा प्रामाणिकपणा.

एक तपशील सहज निसटतो. ४१ व्या प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे की मोबी-डिक पूर्ण पांढरा नाही. सुरकुतलेलं पांढरं कपाळ आणि उंच पांढरं मदार. बाकीचं अंग त्याच छटेच्या रेषांनी, ठिपक्यांनी भरलेलं. पांढरा देवमासा हे नाव माणसांनी दिलेलं, आणि भीतीही त्यांचीच.

४५ व्या प्रकरणात इश्मेल वाचकाला बजावतो की शिकारीची माहिती नसलेली जमिनीवरची माणसं मोबी-डिकला भाकडकथा समजतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखादं रूपक. म्हणून तो खऱ्या घटनांचे दाखले देतो. त्यातला सगळ्यात मोठा दाखला ‘एसेक्स’चा: नॅनटकेटचं हे जहाज २० नोव्हेंबर १८२० रोजी एका स्पर्म व्हेलने प्रशांत महासागरात धडका देऊन बुडवलं. पण याच मेलव्हिलने जानेवारी १८५२ मध्ये लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नची पत्नी सोफिया हिला लिहिलेल्या पत्रात मान्य केलं आहे की पुस्तकाला रूपकाचा अर्थ लावता येईल अशी धूसर कल्पना लिहिताना त्याच्या मनात होती. यात मला विरोध दिसत नाही. मासा आधी मासाच असला पाहिजे, त्याला हाडं, चरबी, वजन असलं पाहिजे. त्याशिवाय त्याच्यावर अर्थ टिकणार कसे? देवमाशाच्या शरीरावरची ती लांबलचक प्रकरणं गाळून वाचणाऱ्यांना मी हेच सांगेन.

१५ जून

थोडक्यात. ९९ वं प्रकरण पुढे जाऊन आजच वाचलं, कारण ते कालच्या टिपणाला थेट जोडलेलं आहे. डोलकाठीवर एहॅबने इक्वेडोरचं सोन्याचं नाणं ठोकलं आहे. पांढरा देवमासा जो आधी पाहील त्याचं ते. एकेक जण त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. नाण्यावर तीन शिखरं आहेत: एकावर ज्वाला, एकावर बुरूज, एकावर आरवणारा कोंबडा. एहॅबला तिन्हींत एहॅबच दिसतो. स्टारबकला ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) दिसतं. दुसरा अधिकारी स्टब पंचांग काढून राशी लावत बसतो. तिसरा अधिकारी फ्लास्क याला फक्त १६ डॉलर दिसतात, दोन सेंटला एक या दराने ९६० सिगार. हिशेब केला तर ८०० होतात. ज्याच्या लेखी अर्थ असा काही नाहीच, त्याचंही वाचन चुकतं.

शेवटी लहानगा पिप येतो आणि व्याकरणाचं रूप चालवावं तसं म्हणतो: मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो. माझ्या तक्त्याचा तिसरा रकाना म्हणजे हेच.

२० जून

आराखडा बदलला. लेखाच्या मध्यभागी देवमासा न ठेवता दोर ठेवणार आहे.

कारण ६० वं आणि ७२ वं प्रकरण. ६० वं पूर्णपणे हारपूनच्या दोरावर आहे. जाडी पाऊण इंचाहूनही कमी, दोन तृतीयांश इंच. आत ५१ पदर, प्रत्येक पदर १२० पौंड तोलणारा, म्हणजे सगळा दोर जवळजवळ तीन टनांचा ताण सोसतो. लांबी २०० फॅदमपेक्षा जास्त (एक फॅदम म्हणजे सहा फूट). हा दोर होडीत सरळ पडलेला नसतो. पिंपातल्या वेटोळ्यातून निघून तो मागच्या खुंटाला वळसा घालतो आणि वल्ही मारणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाजवळून होडीच्या टोकापर्यंत जातो. देवमासा पळाला की हा दोर सपसप सुटतो, आणि त्याच्या विळख्यात हात, पाय, मान काहीही सापडू शकतं. इश्मेल म्हणतो, सगळीच माणसं अशा दोरांच्या विळख्यात जगतात, फक्त ते एरवी दिसत नाहीत.

जानेवारी १८४१ मध्ये ‘अकुश्नेट’ या शिकारी जहाजावर चढला तेव्हा मेलव्हिल २१ वर्षांचा होता. या प्रकरणातली प्रत्येक गाठ त्याने हातांनी ओळखलेली आहे, हे वाक्यावाक्याला जाणवतं.

७२ व्या प्रकरणात दुसरा दोर. मारलेला देवमासा जहाजाच्या कुशीला बांधलेला आहे, क्वीक्वेग त्याच्या निसरड्या पाठीवर अर्धा पाण्यात उभा राहून काम करतो आहे, खाली शार्क. त्याच्या कमरेच्या पट्ट्यापासून निघालेला दोर वर डेकवर इश्मेलच्या कमरेला बांधलेला. इतर जहाजांवर दोराचं वरचं टोक माणसाला बांधत नसत, पीक्वॉडवर बांधत. क्वीक्वेग कायमचा बुडाला तर दोर कापायचा नाही, त्याच्यासोबत बुडायचं, असा रिवाज. आपलं वेगळं अस्तित्व आता दोघांच्या भागीदारीत गेलं आहे, असं इश्मेलला वाटतं. आणि पुढे सुचतं की हे इथेच नाही, सगळीकडे असंच आहे. प्रत्येक जिवंत माणूस कुणा ना कुणाला असा बांधलेला असतो.

दोन्ही दोरच, दोन्हींत मरण आहे. पहिला धावत सुटतो तेव्हा कुणाच्याच हातात नसतो. दुसऱ्याचं टोक कुणीतरी धरलेलं असतं. एवढाच फरक, आणि मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यातच आहे.

२४ जून

सोबत वाचणाऱ्या मित्राशी बोलणं झालं. त्याला माझा आराखडा पटलेला नाही.

“तू एहॅबला बाजूला सारते आहेस,” तो म्हणाला. “त्याच्याशिवाय हे पुस्तक उभं राहील का? हाडाच्या पायावर उभा राहून आभाळाला जाब विचारणारा दुसरा कुणी दाखव.”

“सारत नाही. पण जाब विचारणं आणि तीसेक माणसांना सोबत बुडवणं, या दोन्हींना शौर्य कसं म्हणू?”

“शोकांतिकेचा नायक चांगला असावा असं कुणी सांगितलं? तो मोठा असावा लागतो.”

याला उत्तर हवंच. एहॅब मोठा आहे. १६ व्या प्रकरणात जहाजाचा भागीदार पेलेग त्याला एकाच दमात देव न मानणारा आणि देवासारखा म्हणतो, आणि त्याला बायको आहे, मूल आहे, माणुसकी आहे, असंही सांगतो. ११९ व्या प्रकरणात वादळात डोलकाठ्यांच्या टोकांवर विजेच्या ज्योती पेटतात तेव्हा तो त्यांना उद्देशून जे बोलतो, ते वाचताना अंगावर काटा येतो. त्या उंचीचं बोलणं क्वीक्वेगच्या वाट्याला एकदाही आलेलं नाही.

पण २६ वं प्रकरण पुन्हा काढलं. तिथे मेलव्हिल जाहीर करतो की कुदळ चालवणाऱ्या, खिळे ठोकणाऱ्या हातातही एक तेज असतं, आणि अगदी सामान्य खलाशांना, समाजाने टाकलेल्यांना त्याने थोर गुण दिले तर वाचकाने समजून घ्यावं. कादंबरीने स्वतःच घेतलेली ही जबाबदारी आहे. तेव्हा इथे दोन प्रकारचे नायक शेजारी शेजारी आहेत. एकाच्या वाट्याला भाषा आली, दुसऱ्याच्या वाट्याला कृती.

मित्राचा मुद्दा लेखात पूर्ण ताकदीने मांडायचा. दुबळा करून नाही.

२८ जून

८२ वं प्रकरण: शिकारीची थोर वंशावळ. पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस, योना आणि शेवटी विष्णू. मत्स्यावताराची कथा इश्मेल आपल्या पद्धतीने सांगतो. वेद समुद्राच्या तळाशी होते, विष्णू देवमासा होऊन खोल गेला आणि ते वर घेऊन आला. यादीतले पहिले वीर राक्षसाला मारणारे आहेत. शेवटचा मात्र स्वतः मासा होऊन बुडालेलं वर आणणारा. मेलव्हिलने हा क्रम कितपत ठरवून लावला असेल ते असो. माझ्या वाचनाला हा शेवट फार मोलाचा आहे, कारण क्वीक्वेग याच वंशातला वाटतो. ७८ व्या प्रकरणात टॅश्टेगो हा दुसरा हारपूनवाला देवमाशाच्या कापलेल्या डोक्यातल्या तेलात पडतो, डोकं निखळून बुडायला लागतं, आणि क्वीक्वेग तलवार घेऊन पाण्यात उतरतो. डोक्याला भोक पाडून आत हात घालतो. आधी पाय हाताला लागतो. तो परत आत ढकलून टॅश्टेगोला फिरवतो आणि डोक्याकडून बाहेर काढतो. इश्मेल याची तुलना बाळंतपणाशी करतो. मरणाच्या पेटीतून हा जन्म आहे.

२ जुलै

८७ वं प्रकरण. तिसरा दोर सापडला आणि मी तो शोधतही नव्हते.

देवमाशांच्या प्रचंड कळपात होडी सापडते. मध्यभागी पाणी शांत आहे, खाली माद्या पिल्लांना पाजत आहेत. क्वीक्वेग खाली बघून ओरडतो: दोर! कुणी मारला हारपून? दोन मासे, एक मोठा, एक लहान. स्टारबक वाकून बघतो तर ती नाळ आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला आईशी जोडणारी वेटोळी. लगेच पुढचं वाक्य असं की शिकारीच्या धामधुमीत ही नाळ कधीकधी तागाच्या दोरात गुंतते आणि पिल्लू अडकतं.

यावर भाष्य करायची गरज वाटत नाही. लेखात हा परिच्छेद जसाच्या तसा सांगायचा आणि पुढे जायचं.

९ जुलै

पिप. याच्यासाठी लेखात सगळ्यात जास्त जागा.

९३ वं प्रकरण. स्टबच्या होडीतल्या एकाचा हात मुरगळतो म्हणून या लहान कृष्णवर्णीय मुलाला वल्ह्यावर बसवतात. पहिल्यांदा घाबरून तो उडी मारतो ती दोरासकट. सुटलेला दोर त्याच्या छातीला आणि गळ्याला आवळतो. टॅश्टेगो सुरी दोरावर धरून स्टबकडे बघतो. कापू? स्टब शिवी देऊन कापायला सांगतो. देवमासा जातो, पिप वाचतो. मग स्टब त्याला समजावतो की पुन्हा उडी मारलीस तर थांबणार नाही, कारण अलाबामाच्या बाजारात देवमाशाला तुझ्या तीसपट किंमत येईल.

पिप पुन्हा उडी मारतो. या वेळी दोर त्याच्या अंगाभोवती नाही. होडी पुढे निघून जाते. मागच्या होड्या उचलतील असं स्टबला वाटतं, पण त्यांना दुसरीकडे मासे दिसतात आणि त्या वळतात. भर समुद्रात, उन्हात, चहूकडे क्षितिज आणि मध्ये एक मूल. जहाज त्याला योगायोगाने उचलतं. शरीर तरंगलं, पण आत काहीतरी कायमचं बुडालं. त्या दिवसापासून सगळे त्याला वेडा म्हणतात.

गळा आवळणाऱ्या दोराने त्याला वाचवलं. दोर नव्हता तेव्हा तो गेला. गुंतलेला होता तोवर त्याची दखल घेणं भाग होतं. गुलामांच्या बाजारभावाचा उल्लेख मेलव्हिल १८५१ मध्ये करतो आहे, पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा अमेरिकेत १८५० मध्ये नुकताच आलेला असताना. स्टब दुष्ट नाही. हसतमुख, धीट, आपल्या कामात तरबेज आहे. तो फक्त हिशेब करतो. त्या हिशेबाचं काय होतं, हे पिपच्या रूपाने जहाजावर फिरत राहतं.

मग १२५ वं प्रकरण. जहाजाचा वेग मोजायची लॉगची दोरी बरेच दिवस वापरात नसल्याने कुजलेली आहे. एहॅब ती टाकायला लावतो, ती तुटते. त्याच वेळी पिप येतो आणि एहॅब त्याचा हात धरतो. माझ्या हृदयाच्या तंतूंनी तू मला बांधला गेला आहेस, असं तो म्हणतो. पिप त्या हाताकडे बघून म्हणतो की हा तर माणसाचा दोर, दुबळ्यांनी धरावा असा. लोहाराला बोलावून हे दोन हात, काळा आणि गोरा, एकत्र जोडून टाका. कादंबरीतला सगळ्यात शहाणा माणूस मला पिप वाटतो, आणि हे प्रकरण सगळ्यात सुंदर.

१२९ व्या प्रकरणात एहॅब तो हात सोडतो. कारण सांगतो ते ऐकण्यासारखं आहे: या मुलात असं काही आहे की ते त्याचा आजार बरा करेल, आणि या शिकारीसाठी त्याला तो आजारच हवा आहे.

१० जुलै

मित्राला कालचं टिपण वाचायला दिलं. त्याने एकच वाक्य लिहून परत पाठवलं: “इथे तरी मान्य कर की एहॅबला सगळं कळत होतं.”

मान्य आहे. कळूनही सोडलं, हे माझ्या मते जास्त वाईट. त्याच्या मते जास्त भव्य.

१६ जुलै

स्टारबक. हा माणूस माझ्यासाठी आतापर्यंत दुबळा होता. या वाचनात त्याचं वजन वाढलं.

देवमाशाला न घाबरणारा माणूस माझ्या होडीत नको, असं तो म्हणतो. त्याचे वडील आणि भाऊ समुद्राने नेलेले आहेत. त्याच्यासाठी धैर्य म्हणजे मनाची लहर नव्हे, जहाजावरच्या गोमांसासारखी आणि पावासारखी जपून वापरायची वस्तू. पण इश्मेल २६ व्या प्रकरणातच सांगून ठेवतो की वारा, समुद्र, मासे यांच्यापुढे टिकणारं हे धैर्य एका क्रुद्ध, बलाढ्य माणसाच्या कपाळावरच्या आठ्यांपुढे टिकणार नाही.

१२३ व्या प्रकरणात एहॅब झोपलेला असताना स्टारबक भरलेली बंदूक घेऊन त्याच्या दाराशी उभा राहतो. एक गोळी, आणि सगळे घरी. तो बंदूक परत ठेवतो. हे भ्याडपण की सद्सद्विवेक? दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलं आणि निकाल लागत नाही. कादंबरीही तो लावत नाही.

आणि मग १३० वं प्रकरण, जे पूर्वी माझ्या नजरेतून निसटायचं. देवमासा आपणच आधी पाहायचा म्हणून एहॅब डोलकाठीवर स्वतःला टोपलीत बसवून वर ओढून घेतो. वर टांगलेल्या माणसाचा दोर खाली कुणीतरी सतत सांभाळावा लागतो; चुकून सुटला तर मृत्यू. एहॅब सगळ्या खलाशांवर नजर फिरवतो आणि दोर स्टारबकच्या हातात देतो. ज्याने उघड विरोध केला, त्याच्या. इश्मेललाही हे नवल वाटतं.

स्टारबक तो दोर धरून ठेवतो.

त्याच्या हातात दोनदा एहॅबचा जीव आला, एकदा बंदुकीच्या रूपाने, एकदा दोराच्या. दोन्ही वेळा त्याने तो जपला, आणि त्यामुळेच सगळे मेले. माझ्या मांडणीला हा सगळ्यात मोठा अडथळा आहे. दोर धरणारा तो नायक, असं सरळ म्हणून चालणार नाही. कुणाचा दोर धरला आणि त्यासाठी कुणाचे सोडले, हेही विचारावं लागेल. लेखात हा भाग सोपा करून टाकायचा नाही.

२२ जुलै

वाटेत भेटणारी जहाजं. दोनच घेणार.

१०० वं प्रकरण: लंडनचं ‘सॅम्युएल एन्डर्बी’. कप्तान बूमरचा हात याच मोबी-डिकने नेला आहे. त्यानंतर त्याला तो पुन्हा दिसला, पण याने पाठलाग केला नाही. एक अवयव पुरे नाही झाला? असं तो हसून विचारतो. ज्याला तोच घाव बसला आणि ज्याने त्यात कुठलाच अर्थ शोधला नाही, असा हा माणूस. त्याला नायक म्हणणार नाही, पण एहॅबचा घाव म्हणजे एहॅबचं नशीब, असं कुणी म्हटलं तर बूमरकडे बोट दाखवता येतं.

१२८ वं: ‘रेचल’. कप्तान गार्डिनरची होडी हरवली आहे, तिच्यात त्याचा १२ वर्षांचा मुलगा. ४८ तास तुझं जहाज दे, भाडं देतो, असं तो विनवतो. एहॅबलाही लहान मुलगा आहे. एहॅब नकार देतो; आताच वेळ जातो आहे, म्हणतो. माझ्या लेखी पीक्वॉड इथेच बुडालं.

‘एसेक्स’चा कप्तान जॉर्ज पोलार्ड याच्याबद्दल एक नोंद इथेच करते. त्याचं दुसरं जहाजही १८२३ मध्ये खडकांवर फुटलं आणि पुढे तो नॅनटकेटला रात्रीचा पहारेकरी झाला. कादंबरी आल्यानंतर, १८५२ मध्ये मेलव्हिलने त्याला तिथे पाहिलं, आणि पुढे लिहून ठेवलं की बेटावरच्या लोकांच्या लेखी हा कुणीच नव्हता, पण त्याला स्वतःला भेटलेल्यांत सर्वांत प्रभावी माणूस हाच, तोही अगदी नम्र. एहॅब लिहून झाल्यावर हे लिहावंसं वाटलं, हे मला फार बोलकं वाटतं.

२९ जुलै

शेवटची तीन प्रकरणं आणि उपसंहार.

पाठलागाच्या पहिल्या दिवशी देवमासा एहॅबच आधी पाहतो आणि सोन्याचं नाणं आपलं, असं जाहीर करतो. जवळजवळ त्याच क्षणी टॅश्टेगोनेही पाहिलेला असतो. तिसऱ्या दिवशी एहॅब हारपून फेकतो, दोर सुटतो, अडकतो. तो वाकून गुंता सोडवतो, गुंता सुटतोही, आणि त्याच वेळी दोराचा एक वेढा त्याच्या गळ्यात पडतो. होडीतल्या माणसांना तो गेल्याचं कळायच्या आत तो गेलेला असतो. इतकं बोललेल्या माणसाला मरताना आवाज नाही. ६० व्या प्रकरणातला दोर इथे येऊन पोहोचतो.

आता क्वीक्वेगची शवपेटी. ११० व्या प्रकरणात तापाने मरणाला टेकलेला क्वीक्वेग ती करून घेतो आणि नंतर बरा होतो. मग तिच्या झाकणावर तो आपल्या अंगावरचं गोंदण कोरतो. ते गोंदण त्याच्या बेटावरच्या एका द्रष्ट्याने काढलेलं. त्यात आकाश-पृथ्वीचं सगळं शास्त्र आणि सत्यापर्यंत जायची विद्या लिहिलेली आहे. स्वतः क्वीक्वेगला ते वाचता येत नाही. ते बघून एहॅब तळमळतो: देवांनी हे काय दाखवून ठेवलं आहे! क्वीक्वेग तळमळत नाही. न वाचता येणारा अर्थ तो अंगावर वागवतो, लाकडावर उतरवतो आणि आपल्या कामाला लागतो. १२६ व्या प्रकरणात जुनं जीवरक्षक पिंप बुडतं तेव्हा त्याच्या जागी ही पेटी वापरायचं क्वीक्वेगच सुचवतो. सुतार तिला डांबर लावतो आणि तीन-तीन फुटांचे ३० दोर तिच्याभोवती लावायचं ठरवतो, जहाजावरच्या माणसांना धरायला.

पीक्वॉड बुडाल्यावर भोवऱ्यातून हीच पेटी वर उसळते. इश्मेल तिला धरून जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र तरंगतो, आणि हरवलेली मुलं शोधत फिरणारं ‘रेचल’ त्याला उचलतं. लंडनच्या वाचकांना जे पान मिळालं नाही, ते हे.

पांढऱ्या रंगाचं आणि दोराचं टिपण मी आतापर्यंत वेगवेगळ्या वह्यांत ठेवत होते. इथे ती एकत्र येतात. अर्थ हातात आलाच पाहिजे म्हणणारा मेला. ज्याला स्वतःच्या कातडीवरचा मजकूर वाचता आला नाही, त्याच्या त्याच मजकुराने मित्र वाचवला.

३१ जुलै

लेखाचा क्रम ठरला: १३ वं प्रकरण, मग पांढरा रंग आणि नाणं, मग चार दोर (हारपूनचा, कमरेचा, नाळ, पिपचा हात), त्यानंतर स्टारबक आणि शेवटी शवपेटी. एहॅबचा गूढ साथीदार फेडल्ला आणि त्याची भाकितं पूर्ण वगळली. त्यांचं नातं शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’शी आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय. एन्डर्बीचं एका परिच्छेदात भागेल. पिपला हवी तेवढी जागा.

मित्राने एहॅबच्या बाजूचे दोन परिच्छेद स्वतः लिहून द्यायचं कबूल केलं आहे. ते जसेच्या तसे घेणार, स्टारबकच्या आधी. उद्यापासून पहिला खर्डा.